पाण्याखालचा गोंगाट, देवमासे आणि डॉल्फिन: आकडे कसे वाचायचे आणि बोटवाल्यांना काय सांगायचं?

खाडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. देवमासे आणि डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या छोट्या बोटींसाठी दोन पानी सूचनापत्रक तयार करायचं आहे. बोटी ६ ते १० मीटरच्या, बहुतेक आउटबोर्ड (मागे बाहेरून बसवलेल्या) इंजिनच्या. वाचन बरंच झालं, पण काही गाठी सुटत नाहीत.

मालवाहू जहाजाचा पाण्यातला आवाज १८० डेसिबल, म्हणजे जेट विमानापेक्षाही मोठा, असं जागोजागी लिहिलेलं असतं. हे खरं आहे का? खरं असेल तर जहाजाजवळचा प्रत्येक डॉल्फिन बहिरा व्हायला हवा.

दुसरं, नेमकं नुकसान कशाने होतं? बहिरेपणाने, किनाऱ्याला लागण्याने, की आणखी कशाने? पत्रकात जोर कशावर द्यायचा?

तिसरं, ‘वेग कमी करा’ हे सगळेच सांगतात. त्याने आवाज किती उतरतो आणि नेहमी उतरतो का?

हाताशी एक हायड्रोफोन (पाण्याखालचा मायक्रोफोन) आणि ४८ किलोहर्ट्झवर नोंद घेणारा रेकॉर्डर आहे. त्यातून विश्वासार्ह असं काय मोजता येईल?

---

ध्वनिरेषा

पहिल्या गाठीबद्दल. जेट विमानाचं ते वाक्य पत्रकात अजिबात येऊ देऊ नका. त्यात दोन चुका एकावर एक बसल्या आहेत.

डेसिबल हे गुणोत्तर असतं, त्यामुळे कशाच्या तुलनेत ते सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. हवेत संदर्भ २० मायक्रोपास्कलचा, पाण्यात १ मायक्रोपास्कलचा. एवढ्यानेच २६ डेसिबलचा फरक पडतो. शिवाय पाणी हवेपेक्षा कितीतरी घट्ट माध्यम असल्यामुळे तेवढीच ध्वनितीव्रता पाण्यात जास्त दाब दाखवते, त्याचे सुमारे ३६ डेसिबल. एकूण ६२ झाले. म्हणजे पाण्यातले १८० हे तीव्रतेच्या हिशोबाने हवेतल्या ११८ च्या आसपास. हा हिशोबसुद्धा फक्त भौतिकशास्त्रापुरता धरा. माणसाच्या कानाला हवेत जे असह्य होतं ते डॉल्फिनला पाण्यात तसंच वाटेल, असं यातून निघत नाही.

दुसरी चूक अंतराची. १८० हा ‘उगम-पातळी’चा आकडा असतो, म्हणजे सगळा आवाज एका बिंदूतून निघतोय असं मानून त्या बिंदूपासून १ मीटरवर काढलेला. दोनशे-तीनशे मीटर लांबीच्या जहाजाला असा बिंदू नसतोच. मोजमाप काहीशे मीटरवरून होतं आणि तिथून गणिताने मागे येतात. खोल पाण्यात आवाज चहूकडे पसरतो तेव्हा अंतर दहापट झालं की २० डेसिबल कमी होतात. १०० मीटरवर १४०, १ किलोमीटरवर १२०. तळ उथळ असेल तर आवाज पृष्ठभाग आणि तळ यांच्यात कोंडला जातो आणि पुढच्या दहापट अंतराला २० ऐवजी १० च्या आसपासच उतरतो. म्हणून उथळ पाण्यातले हिशोब खोल समुद्राच्या सूत्राने करू नका. उलट, फारच उथळ पाण्यात खालचे सूर धड पुढे सरकतच नाहीत, त्यांची तरंगलांबी त्या खोलीत मावत नाही.

पाणी स्वतः किती आवाज शोषतं हे सुरावर (वारंवारतेवर) ठरतं. १०० किलोहर्ट्झला दर किलोमीटरला ३०-४० डेसिबल, १० किलोहर्ट्झला साधारण १ डेसिबल, १०० हर्ट्झला जवळजवळ काहीच नाही. १९९१ साली दक्षिण हिंदी महासागरातल्या हर्ड बेटाजवळून ५७ हर्ट्झचे संकेत सोडले होते, ते अटलांटिक आणि पॅसिफिक दोन्ही महासागरांत हजारो किलोमीटरवर पकडले गेले. जहाजांच्या पंख्यांच्या (प्रोपेलरच्या) आवाजाची बरीचशी ऊर्जा याच खालच्या पट्ट्यात असते.

कोणताही आकडा समोर आला की चार प्रश्न विचारा: संदर्भ कोणता, कोणत्या अंतरावर, कोणत्या वारंवारता-पट्ट्यात, आणि आकडा सरासरी दाबाचा आहे, शिखराचा आहे की काळावर साठवलेल्या ऊर्जेचा. चारांपैकी एक जरी गाळलेला असला तर तो आकडा तुलनेला वापरू नका.

---

शिट्टीपासून क्लिकपर्यंत

दुसरा प्रश्न कळीचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बहिरेपणा आणि किनाऱ्याला लागणं या गोष्टी बातम्यांत येतात, पण बहुसंख्य प्राण्यांचं रोजचं नुकसान होतं ते ऐकण्याची जागा आक्रसल्यामुळे. समजा एका आईची हाक पिलाला एका ठरावीक अंतरापर्यंत ऐकू येते. त्याच पट्ट्यातला पार्श्वभूमीचा गोंगाट ६ डेसिबलने वाढला, तर खोल पाण्यात ते अंतर निम्मं होतं आणि क्षेत्र पाव उरतं. आवाज कोंडणाऱ्या उथळ पाण्यात तर तेवढ्याच वाढीने अंतर पाव आणि क्षेत्र सोळावा हिस्सा होऊ शकतं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ १९६० च्या दशकाच्या मध्यापासून २००३-०४ पर्यंत ३० ते ५० हर्ट्झच्या पट्ट्यात १० ते १२ डेसिबलची वाढ मोजली गेली. फिन देवमाशाचे ठोके २० हर्ट्झच्या आसपास असतात, निळ्या देवमाशाच्या हाका १० ते ४० हर्ट्झमध्ये. जहाजं नेमकी त्यांच्याच सुरात बोलतात.

डॉल्फिनचं गणित वेगळं. बाटलीनाक डॉल्फिनच्या शिट्ट्या साधारण ४ ते २० किलोहर्ट्झच्या आणि प्रतिध्वनीने वाट-भक्ष्य शोधणारे क्लिक १०० किलोहर्ट्झच्या वर जातात. लांबच्या मालवाहू जहाजाचा घुमणारा खालचा आवाज त्यांना तितका नडत नाही. शेजारून जाणारी छोटी बोट जास्त नडते, कारण तिचा आवाज काही किलोहर्ट्झपासून पुढे दहा-वीस किलोहर्ट्झपर्यंत पसरतो. तुमच्या पत्रकासाठी दोन मोजमापं उपयोगी पडतील. ५ नॉट (ताशी ५ सागरी मैल) वेगाची छोटी बोट ५० मीटरच्या आत असेल तर उथळ पाण्यातल्या बाटलीनाक डॉल्फिनचा संवादाचा पल्ला २६ टक्क्यांनी घटतो. शांत, खोल पाण्यातल्या पायलट देवमाशांचा तेवढ्याच अंतरावर, तशाच वेगाला ५८ टक्क्यांनी. जागा मुळात जितकी शांत, तितका एका बोटीचा फटका मोठा.

प्राणी भरपाई करतात. ओर्का (किलर व्हेल) गोंगाट १ डेसिबलने वाढला की हाकही साधारण १ डेसिबलने चढवतात. राइट देवमाशांनी काही दशकांत हाकांचा सूरच वर नेल्याचं दिसलं. पण ओरडायला ताकद लागते आणि चढवण्याला मर्यादा असते.

ताणाबद्दलचा थेट पुरावा कॅनडाच्या फंडीच्या उपसागरातला आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतर तिथली जहाजवाहतूक अचानक कमी झाली, गोंगाट ६ डेसिबलने उतरला, आणि त्याच काळात राइट देवमाशांच्या विष्ठेतली ताणाच्या संप्रेरकांची पातळीही खाली आली. स्रोत थांबला की गोंगाट काही सेकंदांत नाहीसा होतो. तेल किंवा प्लास्टिकसारखा मागे उरत नाही. त्यामुळे बोटवाल्याने आज केलेल्या बदलाचा फायदा प्राण्याला आजच मिळतो. पत्रकात हे जरूर लिहा.

आणि दाखवायच्या सहलींसाठी सर्वांत जवळचा पुरावा: पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या एक्समथ आखातात पिलांसह विसावलेल्या हंपबॅक देवमाशांच्या माद्यांना सुमारे १०० मीटरवरून बोटीचा आवाज ऐकवला. बोट तीच, अंतर तेच, फक्त आवाजाची पातळी बदलत होती. १७२ डेसिबलच्या उगम-पातळीला माद्यांची विश्रांती ३० टक्क्यांनी घटली, श्वासाचा दर दुप्पट झाला आणि पोहण्याचा वेग ३७ टक्क्यांनी वाढला. हंपबॅक माता या काळात जवळजवळ उपाशी असते आणि अंगातल्या चरबीवर पिलाला दूध पाजते. तिची हालचाल वाढली की ती चरबी पिलाच्या वाट्यातून जाते. नियमात बसणारं अंतर राखलं म्हणजे झालं, असं म्हणणाऱ्यांना हा प्रयोग वाचून दाखवावा.

पोरपॉइजही (डॉल्फिनसारखा पण लहान सस्तन प्राणी) लक्षात घ्या. लहान अंग, थंड पाणी, साठा कमी. जवळजवळ दिवसरात्र खात राहावं लागतं, तासाला साडेपाचशेपर्यंत छोटे मासे पकडायचे प्रयत्न नोंदले गेलेत. अशा प्राण्याच्या शिकारीत पडलेला १५ मिनिटांचा खंड म्हणजे क्षुल्लक गोष्ट नव्हे.

---

शाफ्टलाइन

वेगाबद्दल मी सांगतो.

आवाजाचं मुख्य कारण कॅव्हिटेशन. पंख्याच्या पात्याच्या पाठीवर दाब इतका पडतो की पाण्याची वाफ होऊन बुडबुडे बनतात, आणि पुढे जास्त दाबात आले की फुटतात. ही फूट म्हणजेच तो सळसळता, तडतडणारा आवाज. मोठ्या जहाजांत हे बरेचदा १० नॉटच्या आसपास सुरू होतं. स्थिर पात्यांचा पंखा असेल तर ढोबळ नियम असा की उगम-पातळी वेगाच्या लॉगच्या ५० ते ६० पट बदलते. १५ वरून १२ नॉटवर आलात तर ६० × लॉग(१२/१५), म्हणजे साधारण ५.८ डेसिबल कमी. मात्र जहाज त्याच भागात २५ टक्के जास्त वेळ राहतं, त्यामुळे साठत जाणाऱ्या ऊर्जेत १ डेसिबल परत येतो. निव्वळ फायदा ४.८. तरीही मोठाच.

कुठे फसतं ते बघा. पात्यांचा कोन बदलता येणाऱ्या पंख्यात फेरे तेच ठेवून फक्त कोन कमी केला तर पात्याच्या दुसऱ्या, म्हणजे दाबाच्या बाजूला कॅव्हिटेशन सुरू होतं आणि वेग कमी होऊनही आवाज चढू शकतो. तिथे फेरेही उतरवावे लागतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या गोंगाट कमी करण्याच्या मार्गदर्शक सूचना २०१४ साली आल्या, २०२३ मध्ये सुधारल्या. अजून ऐच्छिकच आहेत, आणि ही गोष्ट मला खटकते.

आता तुमच्या आउटबोर्ड बोटी:

– सर्वांत वाईट टप्पा मधल्या वेगाचा. बोट नाक वर करून, मागे लाटेचा डोंगर ओढत असते, पाण्यावर धड चढलेली नाही आणि धड बसलेलीही नाही. पंख्यावर सगळ्यात जास्त भार तेव्हाच. ‘थोडं हळू’ म्हणून चालक याच टप्प्यात येऊन थांबतात. सूचना ‘हळू चला’ अशी नको, ‘५ नॉट किंवा कमी, नाक खाली आणि मागची लाट सपाट’ अशी हवी. मीटर न बघताही कळतं.

– एकदम थ्रॉटल ओढणं टाळा. वेग वाढण्याआधीच पंखा फेरे घेतो आणि त्या काही सेकंदांत कॅव्हिटेशन कमाल असतं.

– गिअर. न्यूट्रलमधून पुढे, परत न्यूट्रल, मग मागे, असा खेळ करत प्राण्याजवळ जागा धरून ठेवायची सवय असते. प्रत्येक बदलाला धातूचा ठोका पाण्यात जातो. छोट्या बोटींच्या अशा ठोक्यांची शिखर ते शिखर उगम-पातळी २०० डेसिबलपर्यंत मोजली गेली आहे. वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन एकदाच न्यूट्रल करा आणि वाहत या.

– पात्याची कड दुमडलेली, टवका उडालेला किंवा पंख्यात दोर-जाळी गुंतलेली असेल तर कॅव्हिटेशन खूप आधी सुरू होतं. दर फेरीपूर्वी बोटाने कड चाचपायला एक मिनिट लागतं. इंजिन बंद आणि सुरक्षा-दोरी काढूनच हात घाला. ट्रिम (इंजिनाचा कल) जास्त उचललेला असेल तर पंखा हवा ओढतो, तेही वाईट.

– विजेची मोटर हळू चालीत खरंच शांत असते, पण पंखा तोच असेल तर जोरात चालवल्यावर कॅव्हिटेशनही तेच. कंट्रोलरची बारीक शिटी काही किलोहर्ट्झपासून १५-१६ किलोहर्ट्झपर्यंत कुठेही असू शकते. वरच्या टोकाची शिटी माणसाला जेमतेम जाणवते, डॉल्फिनला स्पष्ट. मोटर आणि कंट्रोलर रबरी बैठकीवर बसवा.

– खोलीमापक. ५० किलोहर्ट्झचा संकेत डॉल्फिनला सरळ ऐकू येतो. २०० चा त्यांच्या पल्ल्याबाहेर आहे, पण त्याच्या कडेने खाली सांडणारी ऊर्जा जवळून ऐकू येऊ शकते. खोली माहीत असलेल्या जागी आणि प्राणी जवळ असताना बंद ठेवा.

---

तळठाव

किनाऱ्याला लागण्याबद्दल थोडी सावधगिरी. सोनार (आवाज सोडून प्रतिध्वनीवरून वस्तू हुडकणारं यंत्र) आणि चोचवाले देवमासे यांचा संबंध पक्का आहे. मार्च २००० मध्ये बहामाजवळ १७ प्राणी किनाऱ्याला लागले आणि नंतरच्या संयुक्त अहवालात अमेरिकी नौदलानेही आपल्या मध्यम वारंवारतेच्या सोनारकडेच बोट दाखवलं. सप्टेंबर २००२ मध्ये कॅनरी बेटांवर नौदल सराव सुरू झाल्यावर साधारण चार तासांनी प्राणी लागायला सुरुवात झाली, एकूण १४. त्यांच्या ऊतींत वायूचे बुडबुडे आणि रक्तवाहिन्यांत चरबीच्या गुठळ्या सापडल्या. हे प्राणी तीन किलोमीटरच्या आसपास खोल जातात, दोन तासांहून जास्त श्वास रोखतात. घाबरून डुबकीची लय मोडली की पाणबुड्यांना होतो तसा विकार होत असावा, हे आजचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण. स्पेनने २००४ मध्ये त्या पाण्यात सोनारबंदी केली, त्यानंतरच्या दशकात तिथे तसं सामूहिक लागणं झालं नाही. २००८ मध्ये मादागास्करच्या एका खाडीत सुमारे १०० खरबूजडोके (मेलन-हेडेड) देवमासे शिरून अडकले, तिथे तज्ज्ञ समितीने १२ किलोहर्ट्झच्या तळमापक सोनारला सर्वांत संभाव्य कारण ठरवलं.

पण प्रत्येक मेलेला डॉल्फिन गोंगाटाच्या खात्यावर टाकू नका. जाळ्यात गुदमरणं, जहाजाची धडक, रोग, ही कारणं नेहमीची आहेत. गोंगाट सिद्ध करायचा तर शव ताजं लागतं. एका दिवसानंतर कुजण्याचा वायूच शरीरभर होतो आणि आजारातले बुडबुडे वेगळे काढणं अवघड जातं. कानाच्या आतल्या केसपेशी त्याहून लवकर खराब होतात, त्यामुळे कानाचं हाड काही तासांत काढून १० टक्के तटस्थ फॉर्मॅलिनमध्ये जावं लागतं. शव गोठवलं तर बर्फाचे स्फटिक त्या पेशी फाडतात. बोटवाल्यांनी करायचं एवढंच: वेळ, ठिकाण, फोटो, प्राणी जिवंत की मृत, आणि ताबडतोब कळवणं. जिवंत असेल तर शेपटीला धरून ओढू नये.

अवांतर: दातांऐवजी गाळणी असलेल्या देवमाशांची श्रवणक्षमता जिवंत प्राण्यावर पहिल्यांदा मोजली गेली ती २०२३ मध्ये, नॉर्वेत दोन मिंक देवमाशांवर. ते ४५ किलोहर्ट्झच्याही वरचं ऐकतात असं दिसलं. तोपर्यंत त्यांच्यासाठीची आवाजाच्या मर्यादांची सगळी पत्रकं शरीररचना आणि हाकांवरून केलेल्या अंदाजावर उभी होती.

---

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘नाक खाली, मागची लाट सपाट’ हे तसंच्या तसं घेतो. हायड्रोफोनचं कोणी सांगेल का? संवेदनशीलता उणे १७० डेसिबल लिहिली आहे, रेकॉर्डरचा गेन (संकेत वाढवण्याचं प्रमाण) २० डेसिबलवर आहे.

---

ध्वनिरेषा

४८ किलोहर्ट्झच्या नोंदीत २४ च्या वरचं काहीच येत नाही, प्रत्यक्षात २२ धरा. बोटींचा आवाज आणि बहुतेक शिट्ट्या मिळतील. क्लिक मोजायला ३०० किलोहर्ट्झच्या वर नोंद घेणारं यंत्र लागतं. आत्ता क्लिकचा फक्त खालचा तुकडा टिकटिक म्हणून दिसेल, त्यावरून पातळी काढू नका.

तुमचा हिशोब: रेकॉर्डर १ व्होल्ट शिखराला भरत असेल तर १७० − २० = १५० डेसिबल शिखरपातळीला नोंद कापली जाईल. फाइलमध्ये सरासरी दाब पूर्ण पातळीच्या (फाइलमध्ये मावणाऱ्या कमाल पातळीच्या) ३० खाली दिसला तर पाण्यात १२०. एक खड्डा आहे: काही सॉफ्टवेअर पूर्ण पातळीच्या साइन लाटेची सरासरी शून्य मानतात, तिथे उत्तर ११७ येईल. आधी ज्ञात व्होल्टेजचा सूर देऊन तपासा. आउटबोर्ड बोट ३०-४० मीटरवरून जाणार असेल तर गेन शून्यावर आणा. स्वयंचलित गेन बंद, फाइल डब्ल्यूएव्ही, एमपी३ नको.

लटकवताना जास्त चुका होतात. तरंगत्या बोयापासून मीटरभर लवचीक रबरी दोर, मग केबल, हायड्रोफोनच्या खाली वजन. थेट बोटीला बांधलात तर तिचं डुलणं आणि लाटांची थाप नोंदली जाते. नांगर टाकू नका, वाहत राहा. प्रवाहात ताणलेली केबल कंपते: ८ मिलीमीटर केबल आणि सेकंदाला अर्धा मीटर प्रवाह असेल तर सुमारे १२ हर्ट्झला, वर त्याचे पट. पृष्ठभागाच्या जवळ खालचे सूर खोटे कमी दिसतात, कारण पृष्ठभागावरून उलटून आलेली लाट मूळ लाटेला खोडते. ५० हर्ट्झची तरंगलांबी ३० मीटर आहे, त्यामुळे २ मीटरवरच्या हायड्रोफोनवर तो पट्टा मोजूच नका. पाण्याच्या मध्यखोलीला ठेवा. इंजिन, पंप, खोलीमापक सगळं बंद.

क्रम: ५ मिनिटं नुसती पार्श्वभूमी, मग एकच बोट ठरलेल्या वेगाने जाऊ द्या, सर्वांत जवळचं अंतर जीपीएसने नोंदवा, परत ५ मिनिटं शांतता. ५, १० आणि १५ नॉटला प्रत्येकी तीन फेऱ्या, दोन्ही दिशांनी. वारा, लाटा, खोली लिहून ठेवा. पार्श्वभूमीपेक्षा बोट १० डेसिबलने वर नसेल ते पट्टे वगळा. अहवालात एकच सरासरी न देता मध्यक आणि वरच्या-खालच्या १० टक्क्यांच्या सीमा द्या, नाहीतर एक ठोका सगळा आकडा खेचून नेतो.

---

शिट्टीपासून क्लिकपर्यंत

एक भर. प्राण्याजवळ इंजिन पूर्ण बंद करावं की न्यूट्रलमध्ये ठेवावं, यावर पत्रकात वाद होईल. मी न्यूट्रल सुचवेन. पूर्ण निःशब्द बोट मोठ्या देवमाशाला वर येताना कळली नाही तर त्याच्या पाठीवर येण्याचा धोका आहे, आणि बंद इंजिन ऐनवेळी सुरू होईलच असं नाही. न्यूट्रलमधल्या इंजिनाची घरघर कॅव्हिटेशनच्या तुलनेत फार कमी असते. निघताना सगळे प्राणी पाण्यावर दिसल्याशिवाय आणि किमान १०० मीटर दूर असल्याशिवाय गिअर टाकायचा नाही. त्या त्या देशाचा नियम यापेक्षा कडक असेल तर तोच. आणि एका कळपाजवळ एका वेळी एकच बोट: सारख्या आवाजाच्या दोन बोटी म्हणजे ३ डेसिबल वाढ, पण प्राण्याला सुटायची शांत बाजूही उरत नाही.